कमूमावशीसमोर खाजलं बोलायचं नाय

बोंडारपाड्याच्या आश्रमशाळेत नवं पोर आलं, की पाणी कुठं, सतरंजी कुठं, हे त्याला कुणी सांगत नसे. जुनी पोरं आधी त्याला भिंतीशी घ्यायची, दोन्हीकडं बघायची आणि कानाला लागून सांगायची, "जेवणाला काय पण बोल. खारट बोल, करपला बोल, अळी निघाली बोल. पण कमूमावशीसमोर 'खाजलं' बोलायचं नाय."

"आणि बोललं तर?"

मग सातवीतली सोमी वेणी बाजूला करून कानामागची खूण दाखवायची. चंद्रकोरीसारखी, गुळगुळीत. आमटी वाढायचा जो लांब दांड्याचा पितळी डाव कमूच्या हातात असायचा, त्याची कड बरोबर त्याच मापाची होती. शाळेत अशा चंद्रकोरी बऱ्याच उगवल्या होत्या. कुणाच्या पाठीवर, कुणाच्या कोपरावर, आणि जव्हारहून जेवण तपासायला आलेल्या एका साहेबाच्या भुवईवरसुद्धा.

कमू शाळेची स्वयंपाकीण. उंचीनं बेताची, पण तांदळाचं पोतं काखेत मारून चालताना पदर सावरायला तिचा दुसरा हात मोकळा असायचा. साहेबाचं झालं असं, की त्यानं एक घास घेतला, रुमालानं ओठ टिपले आणि नाकातून विचारलं, "अळू किंचित खाजतंय का हो?" बिचाऱ्याचं 'हो' पुरं व्हायच्या आत डाव बसला. मुख्याध्यापक तुळशीदास गुरुजी धावत आले. त्यांना परिपत्रकासारखं बोलायची सवय. म्हणाले, "कमूबाई, शासकीय अधिकाऱ्यावर हात उचलणं ही अत्यंत गंभीर बाब आहे!"

"हात कुठं उचलला, गुरुजी? डाव उचलला."

गुरुजी तिला काढून टाकत नव्हते, त्यालाही कारण होतं. मागं एक दारूडा अधीक्षक मुलींच्या खोलीची कडी चाचपताना सापडला, तेव्हा कमूनं त्याला पाट्यावरचा वरवंटा मारला होता. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. त्यानंतर तो मुलींच्याच काय, शाळेच्याही दारात दिसला नाही. तेव्हा गुरुजी 'गंभीर बाब' म्हणायचे आणि पुढच्या पंगतीला निमूट तिच्याच हातचं जेवायचे.

एका शब्दावरून एवढा रक्तपात का, हे समजायला शेवळं ठाऊक हवीत. पाऊस सुरू झाला की रानात जांभळट कोंब वर येतात, तीच शेवळं. खोडाळ्याच्या बाजारात बाया त्यांच्या जुड्या घेऊन बसतात. चव अशी, की मटण बाजूला ठेवावं. पण नीट शिजली नाहीत तर घशात मुंग्यांचं वारूळ फुटतं. त्यावर उतारा म्हणून काकडाच्या झाडाची हिरवी, आंबटढाण फळं ठेचून भाजीत घालतात. काकडं कमी पडली की भाजी खाजते. आणि कुणाच्या हातची शेवळं खाजली, तर पाड्याला वर्षभर तेवढी एकच गोष्ट पुरते.

कमू लहान होती तेव्हाची गोष्ट. बाप जेवायला बसला, पहिला घास त्यानं थुंकला आणि म्हणाला, "खाजलं." बस, एवढंच. मग चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि आईच्या तोंडावर मारलं. ठिणग्या कमूच्या ताटात पडल्या. आईचा डावा डोळा गेला. उजव्या डोळ्यानं रडत आई म्हणत राहिली, "माझीच काकडं कमी पडली गं बाय, माझीच कमी पडली."

कमूनं त्यातून काकडांचं माप शिकायला हवं होतं. ती शिकली ते वेगळंच. हा शब्द आला की मागून फटका येतो, तर मग तो फटका आपल्या बाजूनं आधी गेला पाहिजे. आणि आईसारखी मूठमूठ काकडं घालायची नाहीत. ते घाबरल्याचं लक्षण. भांडंभर शेवळात ती दोन काकडं टाकायची, तीही उपकार केल्यासारखी. म्हणायची, "माझ्या हातालाच गुण हाय. मला काकडं लागत नाय."

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात नवरा फागू पाटावर बसला. फागू स्वभावानं गरीब आणि गमत्या. घास घेतला, डोळे मिचकावले आणि लाडात येऊन म्हणाला, "जरास्सं खाजलं गं."

दुसरा पाट रिकामाच होता. तो उडाला. फागूचा पुढचा दात भाजीत पडला. त्यानं तो चिमटीत धरून बघितला, पाण्यात बुचकळला, कनवटीला लावला आणि उरलेलं ताट रक्तासकट संपवलं. त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यातला प्रत्येक 'स' शीळ घालत बाहेर पडतो. तो शाळेचा राखणदार. पोरं मुद्दाम विचारायची, "फागूदादा, वार कोणता?" तो म्हणायचा, "स्स्सोमवार," आणि चिंचेवरची साळुंकी उत्तर द्यायची. पण खाजलं हा शब्द त्याच्या तोंडातून पुन्हा कधी निघाला नाही. त्यात तर 'स' पण नव्हता.

त्यांची एकुलती पोर गौरा, पाचवीत होती. काडीसारखी, मोठ्या डोळ्यांची. सगळ्या शाळेत कमूनं हात न लावलेलं एवढं एकच पोर. कुणी स्वयंपाकाला नाव ठेवायचा नुसता विचार जरी केला, तरी कमू छाती पुढं काढायची, "माझ्या पोरीला विचारा! जन्मापासून माझ्या हातचं खाते. गौरे, कसा लागतं गं?"

"मस्त लागतं, आये," गौरा म्हणायची. मग ती आणि बाप ताटल्या घासायला म्हणून स्वयंपाकघराच्या मागं जायचे. बराच वेळ लागायचा त्यांना दोन ताटल्यांना. परत यायचे तेव्हा दोघांचेही दात आंबलेले असायचे. कमूला वाटायचं, बापलेकीचं मेतकूट आहे, बसत असतील गप्पा मारत.

नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्यात शाळेत जीप आली. जीपमधून पिठाची पोती उतरली आणि मागून डॉक्टर चैतन्य उतरला. मुंबईच्या कसल्याशा संस्थेचा, कोवळा, चश्मेवाला, आणि भाषा अशी की प्रत्येक शब्द इस्त्री करून आणलेला. वावर गावाकडची पोरं भुकेनं गेली त्याला तेव्हा सहासात वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून या डोंगरात कुणी ना कुणी काहीतरी पौष्टिक घेऊन यायचंच. प्रार्थनेनंतर डॉक्टर पोरांसमोर उभा राहिला.

"बालमित्रांनो, हे सोयाबीनचं पीठ आहे. पण साधं सोयाबीन नाही हं. याच्या बियाण्यात आपण एक छोटासा बदल केलेला आहे. दुसऱ्या एका दाण्यातलं प्रथिन यात आणलेलं आहे. ते फार पौष्टिक आहे. मात्र एखाद्याला त्याची ॲलर्जी असू शकते. तीच आपल्याला तपासायची आहे. घाबरायचं काहीही कारण नाही."

'घाबरायचं कारण नाही' ऐकल्यावर पुढच्या रांगेतली दोन पोरं रडायला लागली.

तुळशीदास गुरुजींनी त्याचं मराठी केलं, "म्हणजे सदरहू पीठ खाऊन कुणाला वावडं निघतंय का, हे पाहण्यात येईल. तरी सर्वांनी खऱ्याखुऱ्या माहितीनिशी सहकार्य करावं."

बेत असा होता, की पहिल्या आठवड्यात चिमूटभर पिठाची लापशी, मग चमचाभर पिठाची आणि मग वाटीभर खायची. शिजवायची कमूनं. डॉक्टर शेजारी पेटी उघडून बसणार. पेटीत सुई भरून तयार, कारण कुणाचा घसा सुजला तर वेळ हाताशी नसतो. लापशी खाल्ली की तो प्रत्येक पोरासमोर उकिडवा बसणार आणि विचारणार.

पहिल्या दिवशी त्यानं पहिल्या पोराला विचारलं, "बाळा, तोंडात कुठे खाज सुटली का? ओठाला? घशाला?"

पोरानं वर बघितलं. डॉक्टरच्या खांद्यामागं कमू उभी होती. हातात डाव.

"नाय."

"अगदी थोडीशी सुद्धा?"

"नाय नाय नाय."

दुसऱ्यानं तर प्रश्नाची वाटच बघितली नाही. डॉक्टर बसला तोच तो म्हणाला, "नाय." तिसऱ्याला डॉक्टरनं विचारलं, "तुझं नाव काय?" तोही म्हणाला, "नाय." पंगतभर नाय, नाय, नाय, जशी बेडकं डबक्यात बसलीत. डॉक्टर खूश. असं निर्धोक पीठ त्यानं पाहिलं नव्हतं.

कमू मात्र आतून चुलीसारखी धुमसत होती. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या डोळ्यांदेखत, हा बाप्या पोरापोराला विचारत फिरतो की हिच्या हातचं खाजलं का! दुसरा कुणी असता तर पहिल्याच प्रश्नाला त्याच्या चश्म्याचा भुगा झाला असता. पण गुरुजींनी हात जोडले होते. म्हणून ती राग भांड्यांवर काढायची. पातेलं आपटायची आणि डॉक्टरसारखं ओठ चिमटून म्हणायची, "बाळा, ओठाला? घश्शाला? तुझ्या बापाच्या मढ्याला!"

आणि तिनं एक गोष्ट केली. स्वतःच्या हाताला काकडं लागत नव्हती, पण परक्या पिठाचा भरवसा काय? चमचाभराच्या दिवशी तिनं मूठभर काकडं ठेचली आणि गुपचूप लापशीत ढकलली. खाजलंच काही, तर मरेल आतल्या आत.

डॉक्टरनं बोटभर चाटून बघितलं. "आंबट का लागतंय हे?"

"तुमचा पीठच आंबट. आम्हाला काय विचारता?"

वाटीभराचा दिवस आला. दुपार होती, पाऊस थांबून ऊन पडलं होतं, अंगणातून वाफा निघत होत्या. पोरं लापशी ओरपत होती. गौरा रांगेच्या टोकाला होती. निम्मी वाटी झाल्यावर तिचा हात थांबला. तिनं ओठ चावला. जीभ टाळूला घासली. कमूनं ते बघितलं.

"काय गं? का थांबलीस?"

"काय नाय, आये." गौरानं वाटी तोंडाला लावली, संपवली आणि आईला दिसावी म्हणून आतून चाटली.

डॉक्टर तिच्यापाशी बसला. "बाळा, खाज?"

गौरानं आईकडं बघितलं. "नाय. मस्त लागतं." आणि वाटी घासायला म्हणून उठून मागं गेली. या वेळी एकटीच, कारण फागू कुंपणाला काटे लावत होता.

थोड्या वेळानं मागून सोमीची किंकाळी आली. "मावशे! गौरा पडली!"

कमू धावली ती चुलीवरचं पातेलं पायानं उडवूनच. मागच्या काकडाच्या झाडाखाली, गुडघाभर गवतात गौरा पडली होती. ओठ वांग्यासारखे फुगलेले. डोळ्यांच्या जागी दोन फटी. हातांवर, गळ्यावर लाललाल गांधी उठलेल्या. छातीतून असा आवाज, जसं कुणी बंद दारातून शीळ घालतंय. पोटरीवर रक्ताचे दोन ठिपके होते.

गुरुजींनी ते बघितले आणि परिपत्रक विसरून ओरडले, "पान लागलं! जनावर चावलं पोरीला!"

जनावर म्हटल्यावर पाडा गोळा व्हायला काय उशीर? शेतातून बाप्ये काठ्या घेऊन आले. कुणी गवतावर काठ्या मारायला लागलं, मारता मारता एकानं दुसऱ्याच्याच पायावर मारली, त्यानं उलटून पहिल्याच्या थोबाडात दिली. कुणी ओरडलं, "पाय बांधा!" कुणी, "भगताकडं न्या!" कुणी, "झोळी आणा!" तेवढ्यात डॉक्टर पेटी घेऊन धडपडत आला. पोरीचं तोंड बघून तो पांढरा पडला.

"बाजूला व्हा! हा साप नाही. हे पिठामुळे झालंय. मला आत्ता सुई द्यायचीय!"

'पिठामुळे' हा शब्द कमूच्या डोक्यात धोंड्यासारखा पडला. पीठ शिजवलं कुणी? वाढलं कुणी? तिच्या पोरीला साप चावला असेल, तर ते रानाचं पाप. पीठ बाधलं असेल, तर ते कुणाच्या हातचं?

"जनावरच हाय!" ती किंचाळली. "माझ्या हातचं खाऊन कुणाला काय झाला नाय!"

"अहो बाई, तुमची काही चूक नाही. पण तिला नक्की खाज..."

तेवढं पुरलं. तीन आठवडे गिळलेलं सगळं कमूच्या हातात उतरलं. डाव डॉक्टरच्या कानशिलात बसला. चश्मा उडून दगडावर फुटला. तो पडला तर तिनं त्याला मानेला धरून उभा केला आणि पुन्हा मारला. जीपचा ड्रायवर मध्ये पडायला आला, "अरे मौसी, साब को मत मारो, साब अच्छा आदमी..." त्याच्या गुडघ्यावर डाव बसला तसा 'आदमी'वरून तो थेट 'अम्मी'वर गेला आणि लंगडत जीपमध्ये शिरून काचा वर करून बसला.

डॉक्टरच्या नाकातून रक्त वाहत होतं. तरी सुई त्यानं छातीशी घट्ट धरली होती. तो पोरीजवळ रांगत गेला. "गौरा, बाळा, ऐक. लापशी खाताना तोंडात खाज सुटली? फक्त मान हलव."

गौराच्या डोळ्यांच्या फटी आईच्या पायांकडं वळल्या. डावाकडं वळल्या. सुजलेलं डोकं डावी-उजवीकडं हललं. नाही.

"बघा!" कमू गर्जली. "पोरगी पण नाय बोलते! धरा या मेल्याला! सुई लावून मारेल माझ्या पोरीला!"

चार बाप्यांनी डॉक्टरला धरलं. एकानं हात मागं पिरगळला, एकानं केस धरले, एकानं सुई हिसकायला बोटं उलटी वाकवली. डॉक्टर ओरडत होता, "श्वास बंद होतोय तिचा, श्वास बंद होतोय!" आणि खरंच, छातीतली शीळ बारीक बारीक होत चालली होती.

कमू पोरीजवळ बसली. "गौरे! गौरे, ऊठ!" तिनं पोरीची मूठ उघडली. मूठ इतकी आवळलेली, की एकेक बोट सोडवावं लागलं. आत काकडं होती. हिरवी. दोन अर्धी चावलेली. तिच्या फ्रॉकच्या खिशातून आणखी घरंगळली.

कमूला कळेना. काकडं कशाला?

"स्स्सोड त्यांना," मागून आवाज आला. फागू. हाताला कुंपणाचे काटे रुतलेले, धापा टाकत होता. "कमे, स्स्सुई देऊ दे. जनावर नाय. तो पोटरीला बाभळीचा जोडकाटा लागलाय, स्स्सकाळी मीच काढला."

"तू गप बस!"

"खाजलं तिला."

आजूबाजूच्या काठ्या थांबल्या. गवतात मारणाराही थांबला. सोमीनं कान हातानं झाकला.

कमूनं डाव मारला. फागूची भुवई फाटली. तो हलला नाही.

"खाजलं की ती काकडं खाते," तो म्हणाला. "मीच शिकवलं तिला. खिश्शात ठेवायची. मागं जायचं. तुला दिस्स्सू द्यायचं नाय."

दुसरा डाव खांद्यावर बसला. फागू गुडघ्यावर आला. रक्त डोळ्यात गेलं होतं, ते त्यानं पुसलं नाही.

"तुझी शेवळं खाजतात कमे. पहिल्यापास्स्सून. दात गेला त्या दिवशी खाजली, आन् काल पण खाजली. आम्ही दोघं काकडं खातो. आज मी नव्हतो तर एकटीच आली. मार मला. पण तिला स्स्सुई देऊ दे."

तिसऱ्यासाठी डाव वर गेला आणि तिथंच राहिला.

वर गेलेला तो हात कमूला दिसत होता. बापाचं जळतं लाकूड असंच वर गेलं होतं. खाली बसलेल्या आईच्या तोंडावर असंच रक्त होतं, आणि ताटापाशी बसलेली काडीसारखी पोर असंच वर बघत होती. छातीतली शीळ आता ऐकूच येत नव्हती.

कमूच्या तोंडून जो आवाज निघाला तो पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला.

"खाजलं! खाजलं माझ्या पोरीला! माझ्या हातचं खाजलं! सोडा त्याला!"

बाप्ये बघतच राहिले. आत्ताच धरा म्हणत होती ही. कमूला दोनदा सांगायची सवय नव्हती. डाव आडवा फिरला. केस धरणाऱ्याची बोटं फुटली, हात पिरगळणारा कुंपणात गेला, उरलेले दोघं न मारताच पळाले. डॉक्टर सुटला, पण चश्म्याविना त्याला गवत आणि पोरगी यातला फरक दिसत नव्हता. कमूनं त्याचं मनगट धरलं, तेच जे मघाशी तिनंच पिरगळायला लावलं होतं, आणि पोरीच्या मांडीवर आणलं.

"हितं?"

"बाहेरच्या बाजूला. हां. तिथेच."

"टोच!"

सुई गेली. गुरुजींचे ओठ नुसतेच हलत होते. मग गौराच्या छातीत काहीतरी खरखरलं, शीळ पुन्हा सुरू झाली, बारीक, मग जाड. तिनं खोकून आंबट लाळ टाकली. कमूनं ती आपल्या पदरात घेतली.

काच वाजवल्यावर ड्रायवरनं आतूनच विचारलं, "मारेगी तो नहीं ना?" कमू म्हणाली, "मोखाड्याच्या दवाखान्यात जीप वेळेवर नाय पोचली तर मारेन." जीप अशी गेली, की वाटेतल्या कोंबड्या आठवडाभर अंडी विसरल्या.

गौरा वाचली. सूज उतरायला दोन दिवस लागले. डॉक्टरनं पोती परत जीपमध्ये चढवायला लावली. जायच्या आधी नाकाला पट्टी आणि उसन्या चश्म्यानिशी तो पोरांपुढं बसला. म्हणाला, "मी चुकीच्या जागी बसून विचारत होतो. पुन्हा विचारतो." कमू बाहेर अंगणात पाठ करून उभी राहिली. डाव तिनं फागूकडं दिला होता. फागूनं तो दोन्ही हातांनी साप धरावा तसा धरला होता.

"बाळांनो, कुणाला खाज सुटली होती?"

पहिला सोमीचा हात वर गेला. "मला पहिल्याच दिवशी. ओठाला." मग दुसरा. मग धरण फुटलं. "मला जिभेला!" "मला घशात!" "मला कानाच्या आत!" डॉक्टरची लेखणी पुरेना. त्याचा चेहरा दर हाताबरोबर आणखी काळवंडत होता. पण पोरांना आता कोण आवरणार? "मावशीचं अळू पण खाजतं!" "वांगा पण खाजतं!" "भात पण खाजतो!"

"भात कसा खाजेल रे?" गुरुजी ओरडले.

"काय माहीत, गुरुजी. पण आज बोलायला मिळतंय."

दर 'खाजतं'ला कमूची पाठ अशी थरथरत होती जशी बैलाची गोमाशीनं थरथरते. पण ती वळली नाही. खरं बोलणारी आणि गंमत करणारी पोरं वेगळी काढायला डॉक्टरला संध्याकाळ झाली. पण त्या पिठाचं पोतं त्यानंतर त्या डोंगरात चढलं नाही.

पुढच्या बाजाराला कमूनं खोडाळ्याहून शेवळं आणली. घरी शिजवली. तिघं जेवायला बसली. फागूच्या भुवईवर टाका होता, नवी चंद्रकोर. कमूनं वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "बोला."

फागूनं डावाकडं बघितलं. "तो लांब ठेव आधी."

कमूनं डाव दारातून भिरकावला. बाहेर कुत्रं केकाटलं.

"जरास्स्सं," फागू म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

"लय खाजतंय, आये," गौरा म्हणाली.

कमूनं स्वतःच्या ताटातला घास घेतला. चावला. गिळला. मुंग्या घशातून कानापर्यंत चढल्या. त्या ओळखीच्या होत्या. दरवर्षी चढायच्या. दरवर्षी ती वर पाणी पिऊन डोळे वटारून बसायची.

तिचा हात उठला. बापलेक दोघं एकदम मागं सरकली, फागूनं तोंड झाकलं.

पण तळवा उताणा होता, गौराच्या खिशाकडं.

"दे की मेले," कमू म्हणाली. "मला बी दे दोन."